भरावावरचं गवत

वांढरेकाका जमिनीला कान लावून पडतात. रोज संध्याकाळी, आमच्या बिल्डिंगमागच्या हिरवळीवर, डावा कान खाली, डोळे मिटलेले. वॉचमनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने घाबरून अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत खाली गर्दी जमली. काकांनी एक डोळा उघडला, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हळू बोला. बसून राहिली आहे."

कोण बसतंय, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

बसत होती ती जमीन. काका मूळचे चंद्रपूरकडचे. तिथल्या उघड्या खाणीतला कोळसा काढून झाला की खड्डा दगडमातीने बुजवतात, त्यावर गवत लावतात आणि काही वर्षांनी गुरं सोडतात. अशा कुरणाची राखण काकांकडे होती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. बायको गेल्यावर मुलगा विलास त्यांना इकडे शहरात, आमच्या आचोळ्याला, घेऊन आला. इथे कुरण नव्हतं, म्हणून त्यांनी आमची हिरवळ ताब्यात घेतली.

हिरवळ म्हणजे तरी काय, क्रिकेट खेळून टक्कल पडलेला तुकडा. काकांनी मधोमध सुतळी बांधली. एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला आराम. गवत वर आलं की बाजू बदलायची. चराई फिरती पाहिजे, असं ते मुलांच्या आयांना समजावून सांगत. आपली पोरं गुरांत जमा झालीत हे आयांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण तोवर गवत दाट झालं होतं आणि भांडायला निमित्त उरलं नव्हतं. पाऊस पडून गेला की खेळ पूर्ण बंद, कारण ओल्या भरावावर खूर पडला की माती दडपते. आमच्याकडे राहायला आलेल्या आणि हिरवळीवर फिरायला उतरलेल्या माझ्या सासूबाईंनाही त्यांनी हेच कारण सांगितलं. खूर हा शब्दही बदलला नाही. सासूबाई तो मुक्काम आटोपता घेऊन गेल्या.

पण त्यांच्या गोष्टी ऐकायला बसलं की हसू मावळायचं. भरलेली जमीन झोपत नाही, असं ते म्हणत. आत राहिलेला कोळशाचा चुरा आपोआप पेटतो आणि धुमसत राहतो. थंडीत सकाळी सगळं कुरण दवाने पांढरं असतं, फक्त एखादा गोल तुकडा कोरडा. गुरं नेमकी तिथे जाऊन बसतात, उबेला, एकमेकांना चिकटून. त्यांना पटकन उठवावं लागतं, कारण खाली सगळी राख होऊन पोकळी झालेली असते. एकदा एक म्हैस उठेना. काका काठी आणायला वळले, परत पाहतात तर म्हैस नाही. गवतात एक भोक आणि त्यातून सरळ वर जाणारा धूर. आवाज काहीच झाला नव्हता.

हे ते चहा ढवळत सांगत. तेव्हापासून माझी बायको घरातसुद्धा टाचा न आपटता चालते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मग सोसायटीने मागे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं ठरवलं. रविवारी सकाळी रोलर आला आणि काका त्याच्यासमोर आडवे झाले. सेक्रेटरींनी परोपरीने समजावलं. इंजिनिअरने तपासलंय, जमीन घट्ट आहे, काही खचणार नाही. विलास "बाबा, उठा" म्हणत राहिला, आणि लोक मोबाइल काढायला लागल्यावर मान खाली घालून वर निघून गेला. काका माझ्याशी बरं बोलतात म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं.

मी शेजारी उकिडवा बसलो. म्हटलं, "काका, जमीन पक्की आहे म्हणतात."

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "पक्कीच आहे."

"मग ऐकताय काय?"

ते तसेच पडून, रोलरच्या चाकाकडे बघत सांगत गेले. त्यांचं गाव खाणीत गेलं. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली त्यांनी पहिली मुलगी पुरली होती. इतकी लहान, की त्या वयात दहन करत नाहीत. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव हलवले, गुरं हलवली. तिला कसं हलवणार? मशीन लागलं त्या दिवशी काका बघत उभे होते. वरची काळी माती आधी खरवडून वेगळी ठेवतात आणि खड्डा भरला की तीच शेवटी वर पसरतात, हे त्यांना तिथे कळलं. कुरणावरची नोकरी त्यांनी मागून घेतली.

"ते खोल गेलीच नाही, भाऊ. वरच आहे. पन कुठं, ते मालूम नाही. म्हनून साऱ्याच कुरनात हळू चालावं लागे."

एक जागा होती, ते म्हणाले, तिथलं गवत गुरांनी कधी तोंडात घेतलं नाही. परतताना सगळा कळप तिला वळसा घालून जायचा. तिथे खूण नव्हती, कुंपण नव्हतं. ऊबही नव्हती.

मी चाचरत म्हटलं, "पण ती तिकडे आहे काका. इथे आचोळ्यात..."

"इथली माती बी डंपरनंच आनली ना कुठून तरी?" त्यांनी तळहात गवतावर टेकवला. "कोनाचं तरी लेकरू असन."

मी उठलो. रोलरवाल्याला म्हणालो, आज राहू दे. सेक्रेटरींनी कारण विचारलं, ते मला भर गर्दीत सांगता येईना. मी सरळ वर विलासकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. आपल्याला बहीण होती, हे त्याला तेव्हा कळलं.

पार्किंग पुढे गेटजवळ झालं. थोडं अडचणीचं आहे, आरसे घासतात. पण त्या सकाळी लोक पांगल्यावर विलास खाली आला. बाबांना उठा म्हणाला नाही. त्यांच्याजवळ मांडी घालून बसला, आणि त्याने विचारलं, "ताईचं नाव काय होतं?"

काका आभाळाकडे बघत होते.

"बारसं राहून गेलं," ते म्हणाले. "तू ठेव."