हरिभाऊंची सीमांत उपयोगिता

"अख्ख्या वर्गाने संत्रीच खाल्ली?" जॉयस मॅडमनी प्रोजेक्टचा गठ्ठा टेबलावर आपटला. "आणि सगळ्यांना पहिल्या संत्र्यात दहा मार्कांचं समाधान, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सहा? वसईत संत्री पिकतात तरी का रे?"

संत्री पुस्तकातली होती आणि आकडेही पुस्तकातलेच. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम सांगतो की एखादी वस्तू एकामागून एक खात गेलं, की पहिल्या नगातून जेवढा आनंद मिळतो, तेवढा दुसऱ्यातून मिळत नाही, तिसऱ्यातून त्याहून कमी, आणि शेवटी मळमळतं. नियम इतका उघड आहे की तो तपासून पाहावा असं बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला कोणालाच वाटलं नव्हतं.

"सोमवारी खऱ्या माणसाचे आकडे हवेत," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या सहीसकट. येतील तसे लिहायचे. मनाने लिहिलेले मला लगेच कळतात. ज्याचे खोटे निघतील, त्याला इंटर्नलला शून्य."

क्षितिजाला शून्य परवडणारं नव्हतं. मागच्या चाचणीत ती आजारी होती, त्यामुळे या प्रोजेक्टवरच तिचा विषय सुटणार होता. तिने त्याच संध्याकाळी बोळिंजच्या घरी वडिलांना बटाटेवडे खायला बसवलं. दुसऱ्या वड्यानंतर वडिलांनी ॲसिडिटीची गोळी घेतली आणि ते आडवे झाले. हाती आले दोन बिंदू. दोन बिंदूंमधून सरळ रेघ नेहमीच जाते, त्यासाठी वडे तळावे लागत नाहीत.

म्हणून शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून आगाशीला हरिकाकांच्या वाडीत गेली. हरिभाऊ हे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. पंगतीत त्यांनी कधी 'पुरे' म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"शिक्षणासाठी? अगं, मग विचारतेस काय!" हरिभाऊ ओटीवर मांडी ठोकून बसले. "काय खायचंय?"

"एकसारख्या आकाराची कुठलीही वस्तू. दर्जा एकच हवा. मध्ये खंड पडता कामा नये. आणि ग्राहक विवेकी असला पाहिजे."

"विवेकी म्हणजे?"

"म्हणजे स्वतःचा फायदा बघून वागणारा."

"मग तर झालंच," असं म्हणून हरिभाऊ आत गेले. सरलाकाकू अर्नाळ्याला मासळी आणायला गेल्या होत्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून हरिभाऊंनी केळीच्या सुक्या पानांत बांधलेला एक पुडा वर काढला. पुडा नेमका कुठे आहे, हे त्यांना शोधावं लागलं नाही.

आत सुकेळी होती. वाडीतल्या राजेळी केळ्यांची. काकू ती सोलून थंडीच्या उन्हात वाळवत, रोज संध्याकाळी उचलून आत घेत, कावळ्यांशी भांडत. मधासारख्या रंगाची, बोटाला चिकटणारी. क्षितिजाने एकेक काट्यावर ठेवून वजन केलं आणि फार लहान निघालेलं एक बाजूला काढलं. ते हरिभाऊंनी पुन्हा पुड्यात ठेवलं.

"असू दे. तेही कामी येईल."

पहिलं सुकेळं त्यांनी सावकाश खाल्लं.

"दहापैकी किती, काका?"

"चार."

"फक्त चार? पहिल्याला सगळ्यात जास्त असतात!"

"तुझं पुस्तक खातंय की मी खातोय?"

क्षितिजाने चार लिहिले. दुसऱ्याला पाच मिळाले. तिसऱ्याला सहा. तिने पुस्तक उघडून पाहिलं. सुरुवातीला उपयोगिता जरा वाढूही शकते, अशी बारीक अक्षरांत एक सवलत होती. तिने त्या ओळीखाली रेघ मारली आणि चौथं पुढे केलं.

"सात," हरिभाऊ म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सुकेळं म्हणजे काही द्राक्ष नव्हे, दोन खाल्ली की माणूस दुपारच्या जेवणाला नाही म्हणतो. पण हरिभाऊंचे डोळे चमकत होते. "आता किती राहिली गं?"

"काका, राहिलेली मोजायची नाहीत. खाल्लेल्याचं समाधान सांगायचं."

"तेच सांगतोय. आठ."

"अजून पाचवं तुम्ही खाल्लंही नाही!"

"खातो की." त्यांनी खाल्लं. "आठ. म्हटलं ना?"

क्षितिजाने पेन खाली ठेवलं. इतका वेळ ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक घास गिळल्यावर हरिभाऊ समाधानाने बघतात ते पुड्याकडे.

"काका, हा पुडा कोणासाठी ठेवलाय?"

"माझ्या वाडीतली केळी आहेत."

"ते कळलं. ठेवलाय कोणासाठी?"

हरिभाऊंनी फाटकाकडे एक नजर टाकली. "तुझ्या काकूच्या भावासाठी. श्रीरंगराव! दरवर्षी दादरहून येतात. माझ्या झोपाळ्यावर बसतात. माझी सुकेळी खातात आणि म्हणतात, भावोजी, यंदा गोडी जरा कमीच वाटतेय! आणि मग ती कमी गोडीची सगळी सुकेळी पिशवीत भरून घेऊन जातात. बावीस वर्षं झाली."

"मग तुम्ही हे सुकेळ्यांचे मार्क देताय, की..."

"तू लिही गं. सहावं दे."

क्षितिजा विचारात पडली. ग्राहक विवेकी होता, नग सारखे होते, खंड पडला नव्हता. फक्त प्रयोग वेगळ्याच वस्तूवर चालला होता. पण मॅडम म्हणाल्या होत्या, येतील तसे लिहा. तिने सहावं दिलं.

"नऊ," असं हरिभाऊ जवळजवळ गातच म्हणाले, आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

सरलाकाकू मासळीची पिशवी घेऊन पायऱ्या चढल्या. त्यांनी पुडा पाहिला. नवऱ्याच्या मिशीला लागलेला चिकट तुकडा पाहिला. मग वजनकाटा पाहिला आणि त्या जरा गोंधळल्या. चोर सहसा वजन करून खात नाहीत.

"हे काय चाललंय?"

"पोरीचं वर्ष वाया जाईल," हरिभाऊ सातव्याकडे हात नेत म्हणाले. "मला काय हौस आहे? घास उतरत नाहीये घशाखाली. पण शिक्षण म्हटलं की मी मागे हटत नाही."

"क्षितिजा, इकडे दाखव ते."

क्षितिजाने वही दाखवली. नियम सांगितला. शून्याची भीतीही सांगितली.

"म्हणजे खातील तशी ही रेघ खाली यायला हवी?"

"हो."

"आणि यांची वर चाललीय."

"हो ना, काकू!"

काकूंनी उरलेल्या पुड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सातवं सुकेळं अर्धं त्यांच्या तोंडात होतं. काकूंनी पिशवी खाली ठेवली, पदराने मान पुसली आणि त्या सहज आवाजात म्हणाल्या, "खा हो, सगळी खा. मी काही बोलत नाही. बाजारात होते तेव्हा श्रीरंगाचा फोन आला होता. येत नाहीये तो यंदा."

हरिभाऊंचं चावणं मंदावलं.

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणे. म्हणाला, माझ्या वाटची सगळी भावोजींना दे. त्यांना आवडतात. पोटभर खाऊ दे."

"सगळी?"

"सगळी. अगदी प्रेमाने म्हणाला हो."

हरिभाऊंनी तोंडातला घास औषधाच्या गोळीसारखा गिळला.

"काका? सातव्याला किती?"

"दोन," हरिभाऊ खोल आवाजात म्हणाले.

"आणि हे आठवं."

"नको."

"काका, प्रयोग अर्धवट राहील."

त्यांनी आठव्याचा कोपरा दाताने तोडला आणि ते खांबाला टेकले. "मळमळतंय गं. शून्याच्या खाली काही असतं का?"

"असतं, काका! ऋण उपयोगिता!"

"मग ती लिही. भरपूर लिही. आणि तो पुडा उचल समोरून."

क्षितिजा पुडा घेऊन आनंदाने उड्या मारत काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेली. काकूंनी उरलेली सुकेळी पुन्हा पानांत बांधायला घेतली.

"काकू, थँक यू! नियम सिद्ध झाला! पण श्रीरंगमामांना शुगर कधी निघाली?"

"त्याला काय धाड भरलीय?" काकूंनी गाठ मारली. "उद्या येतोय जेवायला. ही कोलंबी कोणासाठी आणलीय मग?"

"म्हणजे फोन..."

"तुझी रेघ आली ना खाली? माझी चार तरी वाचली. जा आता, काकांना ताक नेऊन दे."

रविवारी दुपारी क्षितिजा सहीसाठी पुन्हा आगाशीला गेली. आलेख तिने शाईने काढून आणला होता. झोपाळ्यावर श्रीरंगमामा बसले होते, कोलंबी जेवून तृप्त. हरिभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत पोटाशी उशी धरून बसले होते. कालपासून त्यांच्या पोटात ताकाशिवाय काही गेलं नव्हतं. मेहुण्याला फाटकातून आत येताना पाहिल्यापासून ते बायकोशी एक अक्षर बोलले नव्हते.

काकूंनी सुकेळ्यांची ताटली आणली. श्रीरंगमामांनी तीन खाल्ली, बोटं चाटली आणि ते म्हणाले, "भावोजी, यंदा गोडी जरा कमीच वाटतेय." आणि चौथ्याकडे त्यांचा हात गेला.

हरिभाऊ उठले. उशी खाली पडली. मेहुण्याच्या बोटांखालून त्यांनी ते सुकेळं उचललं, अख्खं तोंडात घातलं आणि डोळे मिटून, रवंथ केल्यासारखं, फार वेळ चघळलं.

"क्षितिजा, लिही."

"काका, प्रयोग कालच संपला. आलेख शाईने काढलाय. फक्त सही हवीय."

"आधी लिही. मग सही."

"किती?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"दहा!"

सोमवारी जॉयस मॅडमच्या टेबलावर उताराला लागलेल्या रेघांची चळत होती. यावेळी संत्र्यांऐवजी गुलाबजाम होते, आकडे तेच होते. मॅडम एकेक कागद शून्याच्या बाजूला सरकवत होत्या. क्षितिजाचा आलेख मात्र त्यांनी हातात धरून ठेवला. तो पायऱ्या चढल्यासारखा वर गेला होता, मग विहिरीत पडला होता, आणि विहिरीतून थेट कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता.

"हे तू मनाने लिहिलंस?"

"नाही, मॅडम." तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तांदळाचा डबा, काकूंचा फोन, कोलंबी.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "मनाने इतकं वेडंवाकडं कोणाला सुचत नाही," त्या म्हणाल्या. "खरा माणूस आहे हा. मार्क देते. पण एक चूक आहे तुझी. नियम बरोबर आहे, माणूसही बरोबर आहे. 'वस्तू' या रकान्यात काय लिहिलंयस?"

"सुकेळी."

"बघ जरा."

क्षितिजाने बघितलं. मग पेन काढून 'सुकेळी' खोडलं आणि त्यावर नीट अक्षरांत लिहिलं: मेहुण्याच्या वाट्याची सुकेळी.