राघोपंतांचा अकलेचा पेपर

मुलांनो, एका जंगलात अक्कल मोजायची टूम निघाली. सिंहमहाराजांनी फर्मान काढलं : तळ्याकाठी फक्त हुशारांनी राहायचं. बाकीच्यांनी माळावर चालतं व्हावं.

पेपर काढला राघोपंत पोपटांनी. तो आधी शंभर पोपटांकडून सोडवून घेतला. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. पेपर चोख आहे, हे त्यावरून सिद्ध झालं.

टिटवीही पेपर द्यायला रांगेत उभी राहिली. तिची अंडी तळ्याकाठच्या खड्यांत होती. ती काही चोचीत धरून माळावर नेता येत नाहीत.

"टिटवीबाई, घर कुठे बांधावं?" राघोपंतांनी विचारलं.

"उघड्यावर, खड्यांत. अंडी खड्यांसारखीच दिसतात."

"चूक! झाडाच्या ढोलीत. बरं, बिबट्या दिसला तर?"

"बोंब मारावी. सगळं जंगल सावध होतं."

"साफ चूक! गुपचूप उडून जावं."

मागे उभा असलेला हत्ती म्हणाला, "पंत, मला उडता येत नाही हो."

"म्हणून तर तुमचं असं झालंय!"

टिटवी नापास झाली. फेरपरीक्षेसाठी क्लास होता, तोही राघोपंतांचाच. फी म्हणून पेरू आणायचे. टिटवीने पेरू वाहिले, 'ढोलीत, गुपचूप' असं घोकलं आणि पहिली आली. काठ वाचला, अंडी वाचली.

दुसऱ्याच दिवशी भरदुपारी बिबट्या आला. राघोपंत तळ्यावर पाणी पीत होते. टिटवीने सवयीने चोच उघडली. मग तिला अचूक उत्तर आठवलं. ती गुपचूप उडाली.

बिबट्या खड्यांवरून गेला. अंडी त्याला दिसलीच नाहीत. हिरवेगार राघोपंत मात्र लांबूनच दिसले. त्याने झेप घेतली. राघोपंत कसेबसे निसटले, शेपूट पंजात राहिलं.

"ओरडली का नाहीस, भवाने?"

"ओरडले असते तर नापास झाले असते, सर!"

रीतसर चौकशी झाली. पेपर निर्दोष ठरला. राघोपंतांनी त्यात फक्त एक प्रश्न वाढवला : हुशार प्राण्याला शेपूट असतं का? अचूक उत्तर : नसतं.

टिटवी 'नसतं' म्हणाली आणि पिल्लांसकट काठावरच राहिली. सिंहमहाराजांनी आपलं झुपकेदार शेपूट हलवत 'असतं' असं सांगितलं. ते सध्या माळावर राहतात.

तात्पर्य : अक्कल मोजता येते, मुलांनो. पेपर कोणी काढलाय ते आधी बघा. त्याचं शेपूट तुटलेलं दिसलं, तर घरी जाऊन आपलंही कापून या.