तेरा नंबरचा विद्यार्थी

पाकिटातून ती कागदाची पट्टी बाहेर निघाली आणि व्यवस्थापन विभागाचे प्रमुख खुर्चीतून अर्धे उठून तसेच थांबले. पट्टीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘नमुना उत्तर. तपासताना सोबत ठेवावे.’ मागे नंबर होता तेरा. आणि समोरच्या निकालपत्रात तेरा नंबरपुढे लाल शाईत शेरा होता, ‘अपुरे. या विद्यार्थ्यासाठी विशेष वर्ग घ्यावा.’

झालं होतं ते असं. विभागाची मान्यता संपत आली होती. ती पुन्हा मिळवायची तर बाहेरच्या समितीला ‘अध्ययन निष्पत्ती’ दाखवायची होती, म्हणजे साध्या मराठीत, दोन वर्षं बाक झिजवून पोरांच्या डोक्यात नेमकं काय शिरलं ते. त्यासाठी बारा जणांना निवडून एक पेपर दिला. याच बारा जणांनी प्रवेशाच्या वेळी असाच पेपर सोडवला होता. आधी आणि नंतर, दोन्ही ताडून बघायचं. मान्यता गेली तर पुढच्या वर्षी प्रवेश बंद आणि विभागाला कुलूप.

प्रश्न सोपा होता. एका कारखान्याच्या दहा हजार छत्र्या बाजारात गेल्या. त्या उघडतात, पण मिटत नाहीत. परत घ्यायच्या की नाही, ते ठरवा आणि कारण लिहा.

समितीच्या तपासणाऱ्यांना मोजपट्टी हवी म्हणून विभागप्रमुख सरांनी स्वतः अकरा पानी उत्तर लिहिलं आणि गठ्ठ्यावर ठेवलं. परीक्षा विभागातल्या कारकूनबाईंना नियम पक्का ठाऊक : तपासणाऱ्याला नाव दिसता कामा नये. वरची पट्टी कात्रीने कापायची, मागे नंबर टाकायचा, पट्ट्या पाकिटात घालून विभागप्रमुखाकडे पाठवायच्या. बाई कागदावर काय लिहिलंय ते वाचत नसत. वाचायचं काम तपासणाऱ्यांचं. त्यांनी तेरा पट्ट्या कापल्या.

सरांनी शेरा पुन्हा वाचला. ‘विद्यार्थ्याला सगळं माहीत आहे. ठरवता काहीच येत नाही. अकराव्या पानावर तो समिती नेमतो. छत्र्या तोपर्यंत उघड्याच. याच्या हाती कारखाना देऊ नये.’

बावीस वर्षं ते हाच विषय शिकवत होते. विषयाचं नाव होतं ‘निर्णयक्षमता’.

विद्यार्थी त्यांना मागे ‘बघूसर’ म्हणत. सुट्टी मागा, पुस्तक मागा, सहलीची परवानगी मागा, सर चष्मा काढून म्हणत, “बघू.” माणूस वाईट नव्हता. कुणाला ‘नाही’ म्हणून त्यांनी कधी दुखावलं नव्हतं, ‘हो’ म्हणून सुखी केलं नव्हतं, एवढंच.

संस्थेच्या संचालकांचा फोन आला. “अहो, तेरा नंबर कोण? पार नाक कापलं आपलं! पट्ट्या तुमच्याकडे आहेत ना?”

हीच वेळ होती खरं सांगायची. सरांनी तोंड उघडलं.

“बघून सांगतो,” ते म्हणाले.

“सांगू नका, शिकवा! तीन आठवडे विशेष वर्ग, मग पुन्हा पेपर. नियमच आहे तो.”

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. शेरा तिने दोनदा वाचला आणि पाणी प्यायली.

“ह्या लोकांनी अकरा पानांत ओळखलं तुम्हाला,” ती म्हणाली. “मला लग्नानंतर दोन वर्षं लागली.”

“थट्टा सुचतेय तुला? माझी अब्रू जायची वेळ आलीय.”

“मग उद्या जाऊन सांगून टाका, चूक झाली म्हणून. पाच मिनिटांचं काम.”

“बघू.”

“आमच्या वॉर्डात बघू म्हटलं ना, तर पेशंट जातो,” ती म्हणाली आणि गळणाऱ्या नळाखालची बादली बदलायला उठली. नळ दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हा प्रश्न दीड वर्षापासून सरांच्या विचाराधीन होता.

विशेष वर्ग सुरू झाला. सर रोज चार वाजता आपल्या खोलीचं दार लावून बसत आणि हजेरीपटावर तेरा नंबरपुढे ‘हजर’ लिहीत. त्यात खोटं काहीच नव्हतं. तीन आठवड्यांनी दुसरा पेपर लिहायची वेळ आली, तोही त्यांनीच लिहिला. या वेळी सात पानंच लिहिली आणि मोठ्या आशेने पाठवला.

निकाल आला. ‘प्रकृती खालावली आहे. आता दोन समित्या नेमल्या आहेत.’

सर चाट पडले. आणि त्याखालची ओळ वाचून तर त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली : ‘आमच्या भेटीच्या दिवशी या विद्यार्थ्याशी समक्ष बोलायचे आहे.’

भेटीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाई बरोबर दहाला आल्या. लांब टेबलाच्या एका बाजूला त्या आणि त्यांचे दोन सदस्य, दुसऱ्या बाजूला संचालक, सर आणि फाइलींचा ढीग घेऊन कारकूनबाई. अध्यक्षबाईंनी चहालाही हात न लावता विचारलं, “तेरा नंबर कुठाय?”

संचालकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चहाच्या कपात पाहिलं. तेव्हा संचालकांनी निवडलेल्या विद्यार्थ्यांची यादी ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच सही करण्याआधी मोजली.

“दहा, अकरा, बारा.” ते थबकले. “बाराच आहेत! आपण पेपर बाराच जणांना दिला होता!”

“मग हा तेरावा कोण?” अध्यक्षबाईंचा आवाज चढला. “तीन आठवडे हजर आहे. शंभर टक्के! नसलेला विद्यार्थी तुम्ही पटावर दाखवताय?”

संचालक पांढरेफटक पडले. विभाग तर जाणारच, आता फसवणुकीचा ठपकाही येणार. ते गर्रकन कारकूनबाईंकडे वळले.

“नंबर तुम्ही टाकलेत ना? हा पेपर कुठून घुसवलात? आजच्या आज मेमो देतो तुम्हाला!”

“साहेब, आले तेवढे कागद मोजले हो मी,” बाईंचे डोळे भरून आले. “एकोणीस वर्षांत माझा एक नंबर चुकला नाही. कुणालाही विचारा.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई फाइलींच्या कडा उगाचच सारख्या करत होत्या. सरांना स्वतःची लाज वाटली. चष्मा काढायला हात वर गेला, तो त्यांनी तिथेच थांबवला.

“बाईंचा काही दोष नाही,” ते उभे राहून म्हणाले. “तेरा नंबर मी आहे.”

खिशातून ती पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. संचालकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“तुम्ही?” अध्यक्षबाई पट्टी वाचून म्हणाल्या. “विभागप्रमुख?”

“हो.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा. आणि त्या छत्र्या परत घ्यायला हव्यात. सगळ्या. आजच.”

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. मग निकालपत्र पुढे ओढून हळूच पेन उघडलं.

“तुमच्या बारा जणांचे दोन वर्षांपूर्वीचे गुण आणि आत्ताचे गुण मी ताडून बघितलेत,” त्या म्हणाल्या. “तसूभरही फरक नाही. आले तसे चाललेत. मी नकारच लिहून आणला होता.” त्यांनी ‘चूक स्वीकारून निर्णय घेता येणे’ या रकान्यात तेरा नंबरपुढचं ‘अपुरे’ खोडलं आणि ‘उत्तम’ लिहिलं. “या विभागात शिकून माणूस बदलतो, याचा हा एकच पुरावा मिळाला. एक वर्षाची मान्यता देते. पण विद्यार्थ्याने विशेष वर्ग पूर्ण करायचा. या वेळी शिकवणारा दुसरा कुणीतरी हवा.”

संध्याकाळी सर घरी आले ते नवा नळ घेऊनच. बायको दारातच उभी राहिली. नळाकडे बघावं की नवऱ्याकडे, तिला कळेना.

“विभाग वाचला,” ते म्हणाले. “पण मला कुणाकडून तरी शिकायचंय. कडक पाहिजे, आणि जागच्या जागी निर्णय घेणारं. संचालकांना मी तुझं नाव सांगूनही आलो. सोमवारपासून, चार वाजता. येशील ना?”

बावीस वर्षांत या घरात कुणी तिला असं ठरवून, वार-वेळेसकट काही सांगितलं नव्हतं. ती मटकन खुर्चीत बसली.

“बघू,” ती म्हणाली.