एकांडा विरुद्ध जोडी

रॉक संगीतात माझा शब्द शेवटचा असतो. हे मी म्हणत नाही, माझी बायको भाग्यश्री म्हणते. तिचं पुढचं वाक्य असं असतं, की घरात त्या विषयावर दुसरं कुणी बोलतच नाही, मग पहिला काय आणि शेवटचा काय, शब्द एकाच माणसाचा असणार. ते सोडा. मुद्दा असा, की मला त्यातलं कळतं.

मी अनेकांत मगदूम. लक्ष्मीपुरीत माझं पाण्याच्या मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. वडिलांनी मोठ्या हौसेनं अनेकांत नाव ठेवलं. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं, ही आपल्या जैन धर्माची शिकवण पोरात उतरावी म्हणून. ती बाकी सगळ्या बाबतीत उतरली. गाणी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत मात्र मला एकच बाजू दिसते, आणि ती माझी असते.

तर जुन्या रॉकच्या जमान्यातला सगळ्यात मोठा गीतकार कोण? माझं उत्तर ठरलेलं आहे. अमेरिकेचा तो एकटा गडी. गळ्यात तोंडानं वाजवायचा बाजा अडकवलेला, नाकातून गाणारा. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमच्यातलेच निम्मे दुसऱ्या बाजूला जाऊन बसतील आणि गोष्ट राहील बाजूला. आम्ही त्याला एकांडा म्हणतो. आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र गणपत याचं उत्तर असतं, इंग्लंडची ती जोडी. पोरवयात एकत्र बसून गाणी लिहिणारे दोघे. पुढं त्यांचं फाटलं, ते वेगळं.

गणपतचा गंगावेशीच्या मागं म्हशींचा गोठा आहे. गोठ्यावर माडी, आणि माडीवर त्याच्या मामानं बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेला रेकॉर्ड प्लेयर. आता सगळी गाणी मोबाइलवर मिळतात, पण आम्हाला मोबाइलवर ती पत्रावळीत वाढलेल्या बासुंदीसारखी वाटतात. दर रविवारी सकाळी धारा झाल्या की मी माडीवर हजर. एक बाजू एकांड्याची, एक बाजू जोडीची, मध्ये चहा. इतकी वर्षं हे निर्वेध चाललं होतं. मग एका रविवारी गणपतनं म्हशीला मध्ये आणलं.

"तुझा एकांडा लागला की लाखी लाथ मारती," तो म्हणाला. "जोडी लावली की गप उभी ऱ्हाऊन बादली भरती. म्हशीनं निकाल दिलाय गड्या."

"म्हशीला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. गणपत कप खाली ठेवून उठला. "मला काय बी म्हण. लाखीचं नाव काढायचं न्हाय."

"अरे, कवितेचं चाललंय. एकांड्याच्या एका कडव्यात जेवढा अर्थ हाय, तेवढा तुझ्या जोडीच्या अख्ख्या रेकॉर्डमधे न्हाय."

"अर्थ काय चाटायचाय? चाल कुठाय? तीन सुरांवर आयुष्य काढलंय गड्यानं. माझी जोडी बघ. एकजण गूळ घालतोय, दुसरा त्यात चिंच पिळतोय. आमटी अशी होती."

"दोघांनी मिळून एक सायकल चालवायची आणि म्हणायचं आम्ही भारी. एकट्यानं लिहून दाखवा म्हणावं."

"लिहिलंय की. फुटल्यावर लिहिलंच की."

"आणि कसं लिहिलं?"

हे मी विचारायला नको होतं. जोडी फुटली हे गणपतचं हळवं दुखणं आहे. त्याच्या घरात कुणी गेलं तेव्हाही त्यानं एवढं तोंड पाडलं नव्हतं. "बरं हाय, अनेकांतराव," तो म्हणाला, "या आता."

आमच्यात एरवी 'अन्या' आणि 'गण्या' चालतं. 'राव' लागलं की समजायचं, विषय गंभीर झाला. मी पण "येतो, गणपतराव," म्हणून जिना उतरलो. उतरताना लाखीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरचे रविवार मला खायला उठले. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी नुसता कॉटवर बसायचो. घरी एकांडा लावून बघितला, तर तोही कंटाळल्यासारखा गायला लागला. समोर शिव्या घालायला कुणी नसलं की आपल्या आवडत्या गीतकाराचीही चव जाते, हे मला पहिल्यांदा कळलं. गणपतकडचं दूध मात्र रोज येत होतं, आणि भांडण चालू होतं तरी त्यात पाणी नव्हतं. त्यामुळं तर जास्तच वाईट वाटायचं.

"जा आणि माफी मागून या," भाग्यश्री म्हणाली.

"कुणाची?"

"म्हशीची."

पण मगदुमांच्या घरात म्हशीची माफी कुणी मागितलेली नाही. मी वेगळी योजना आखली. पेठेतल्या तालमीचा वरचा हॉल घ्यायचा. सर्वांसमक्ष, पुराव्यांनिशी, एकांडा आणि जोडी यांची तुलना करायची. मी माझी बाजू मांडणार, गणपतनं त्याची मांडायची. पंच म्हणून तालमीचे दादासो वस्ताद. वस्तादांनी आयुष्यात दोघांपैकी एकाचंही गाणं ऐकलेलं नाही, म्हणजे याहून निःपक्षपाती माणूस जिल्ह्यात मिळणार नाही. आणि जो हरेल, त्यानं आपल्या गड्याची रेकॉर्ड त्या माडीवर पुन्हा लावायची नाही.

मी तसं गणपतला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर त्याच्या बायकोच्या, वर्षाराणीवहिनींच्या तोंडून उत्तर आलं. "हे म्हणत्यात, मैदान मंजूर." आणि मग स्वतःचं म्हणून त्यांनी भाग्यश्रीला सांगितलं, "एकदा काय ते होऊन जाऊ दे बाई. घरात नुसतं म्हशीशी बोलत्यात."

कोल्हापुरात कुठलाही कार्यक्रम फ्लेक्स लागल्याशिवाय होत नाही. बारसं असो की बारावीचा निकाल, चौकात फ्लेक्स पाहिजे. मी फ्लेक्सवाल्या ज्ञानूला मजकूर पाठवला. 'जगात भारी कोण? रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ गीतकार: अमेरिकेचा एकांडा विरुद्ध इंग्लंडची जोडी. एक तुलनात्मक व्याख्यान. निकाल त्याच ठिकाणी.' शनिवारी सकाळी फ्लेक्स चौकात लागला.

मी तो पाहिला नाही असं नाही. स्कूटर थांबवून चांगला निरखून पाहिला. पण माणूस फ्लेक्सवर काय बघतो? स्वतःचा फोटो. माझा झकास आला होता, केस होते त्यापेक्षा जास्त दिसत होते. मी समाधानानं दुकानात गेलो.

संध्याकाळी मी वीस-पंचवीस सभ्य लोक येतील या हिशेबानं तालमीपाशी पोचलो, तर रस्ता बंद. पेठ वडगावचे दोन टेंपो, उचगावच्या मोटारसायकली, फेटेवाले म्हातारे, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. तालमीच्या दारात हलगी कडाडत होती. मला भरून आलं. कोल्हापूरनं रॉक संगीताला इतकं उराशी धरलं असेल असं वाटलं नव्हतं.

हॉलमधे तर मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून वस्तादांनी सगळ्यांना खाली तालमीतच घेतलं. लाल मातीच्या हौद्याभोवती माणसं दाटीनं बसली. मी हौद्याच्या कडेला माइक घेऊन उभा राहिलो. समोरच्या कडेला गणपत, नवा शर्ट घालून, माझ्याकडे न बघता.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "एकांड्याची खरी ताकद कशात आहे?"

"मानंत," पुढच्या रांगेतला एक फेटेवाला म्हणाला. "फोटोत बघितली की. रेड्यागत मान हाय."

मला जरा चमत्कारिक वाटलं, पण प्रेक्षक रंगले आहेत म्हणून मी पुढं सरकलो. मी रेकॉर्ड लावली. एकांड्याचा तो बाजा वाजला, तो नाकातला आवाज सुरू झाला. एक कडवं झालं. दुसरं झालं. एकांड्याची कडवी लांब असतात हे मी मान्य करतो. चौथ्या कडव्याला वडगावचे एक पावणं उठून उभे राहिले.

"ओ साहेब, ते वाजीवणं बास की. गडी कवा आणताय?"

"कुठला गडी?"

"अमेरिकेचा. आन इंग्लंडची जोडी. दोघं एकावर सुटणार म्हणं. आमी धारा टाकून आलोय."

मी ज्ञानूकडे बघितलं. ज्ञानू छताकडे बघत होता. त्याला बखोटीला धरून मी बाहेर चौकात नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो फ्लेक्स माझा फोटो सोडून वाचला. वर ठळक अक्षरात 'जगात भारी कोण?' त्याखाली 'अमेरिकेचा एकांडा विरुद्ध इंग्लंडची जोडी. निकाल त्याच ठिकाणी.' आणि मधोमध लाल लंगोट घातलेले तीन धिप्पाड गोरे पैलवान, दंड थोपटताना.

"व्याख्यान कुठाय? गीतकार कुठाय?"

"बसंना की काका," ज्ञानू कळवळून म्हणाला. "खाली शुभेच्छुकांचं फोटो घालायचं हुतं. सगळी पेठ म्हणाली आमचा बी घाल. कुणाला न्हाय म्हणू? मग वरनं एक ओळ काढली, मधनं एक काढली."

"आणि हे पैलवान?"

"तुम्ही त्या गड्यांचा फोटो पाठवलाच न्हाईत. परदेशी म्हणून माझ्याकडं एवढंच हुतं, मागच्या मैदानातलं."

आम्ही आत आलो तेव्हा लोकांना बातमी लागली होती. पैलवान आलेले नाहीत, येणार नाहीत, आणि आणायचे ठरलेच नव्हते. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी माझ्या दुकानाचा पत्ता विचारायला लागला. तालमीची पोरं जयसिंगपूरच्या मैदानाला गेलेली, त्यामुळे बदली जोडसुद्धा लावता येईना. दादासो वस्तादांचा चेहरा लाल मातीसारखा झाला.

"अनेकांत," ते म्हणाले, "ह्या तालमीतनं आजवर एक माणूस कुस्ती न बघता घरी गेलेला न्हाय. माझ्या गुरूच्या गुरूपास्नं न्हाय."

"मी सगळ्यांची माफी मागतो वस्ताद."

"माफी बघायला वडगावास्नं टेंपो येत न्हाईत." त्यांनी मला बघितलं, मग गणपतला बघितलं. "भांडण कुणाचं हाय? तुमचं दोघांचं ना? मग उतरा."

"कुठं?"

"मातीत."

मी हसलो. वस्ताद हसले नाहीत. गर्दीला ते ऐकू गेलं आणि हलगी पुन्हा कडाडली. आता सांगतो, मी पंपाच्या पाइपासारखा माणूस आहे, लांब आणि पोकळ. गणपत रोज स्वतःच्या गोठ्यातलं दूध पितो. भाग्यश्री दारापाशी वर्षाराणीवहिनींबरोबर उभी होती. ती मला वाचवेल असं वाटलं. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "चष्मा द्या इकडं."

विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही हौद्यात उतरलो. वस्तादांनी आमच्या हातात चिमूट चिमूट माती दिली. "अमेरिकेकडनं मगदूम, इंग्लंडकडनं गणपतराव," त्यांनी पुकारलं आणि टाळी दिली.

मला कुस्तीतलं एवढंच माहीत, की सुरुवातीला एकमेकांच्या मानेवर हात टाकतात. मी टाकला. गणपतनं टाकला. आम्ही डोक्याला डोकं लावून गोल फिरायला लागलो. कित्येक दिवसांनी त्याच्या इतक्या जवळ आलो होतो. शेणाचा, दुधाचा आणि साबणाचा तोच वास.

"पाय रुंद ठेव अन्या," तो कानाशी पुटपुटला. "पडशील."

अन्या म्हणाला. माझे डोळे भरून आले. मातीमुळं असतील, पण मला नाही वाटत.

"गण्या," मी म्हणालो, "लाखीला बोललो ते चुकलं माझं."

"शाणी हाय ती."

"शहाणी हाय."

"आन जोडी?"

"जोडीचं नंतर बोलू."

त्याला हसू फुटलं आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. "मला पाड," तो म्हणाला. "लोकास्नी घरी जाऊ दे."

"न्हाय, तू मला पाड. तू हरलास तर जोडी बंद पडंल माडीवरची."

"मी पाडलं तर एकांडा बंद पडंल. मग मी शिव्या कुणाला घालू?"

बाहेरून बघणाऱ्यांना काय दिसलं असेल ते असो, आत मात्र आम्ही दोघंही हरायची शिकस्त करत होतो. तो पाठीवर पडायला बघायचा, मी त्याला ओढून धरायचो. मी गुडघे सोडायचो, तो मला उचलायचा. अशी खडाखडी पेठेनं पाहिली नव्हती. फेटेवाला पावणा उभा राहून ओरडत होता, "काटा हाय, काटा!" शेवटी दोघांनीही एकाच वेळी अंग सोडलं. दोघांच्याही कमरेत एकदमच काहीतरी कटकन वाजलं आणि आम्ही आडवे झालो, शेजारी शेजारी, छताकडे तोंड करून.

वस्तादांनी वाकून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "कुस्ती बरोबरीत सोडवली," त्यांनी जाहीर केलं.

तालीम दणाणली. वडगावचे पावणं स्वतः खाली उतरले आणि त्यांनी आपला फेटा आधी माझ्या आणि मग गणपतच्या डोक्याला टेकवला. "येळ लागला, पण काम निर्मळ केलंसा," ते म्हणाले. मगदुमांच्या घराण्यात मातीतला हा पहिला सन्मान. घ्यायला मला उठता मात्र आलं नाही. दुधाच्या गाडीत कॅनांच्या मध्ये निजवून आम्हाला गणपतच्या घरी नेलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गोठ्याला लागून असलेल्या सोप्यात, दोन सतरंज्यांवर, कमरेखाली गरम विटा घेऊन पडलो होतो. जिना चढणं शक्यच नव्हतं, म्हणून वहिनींनी रेकॉर्ड प्लेयर खाली आणला होता. चहा होता. लाखी पलीकडे रवंथ करत होती. मी सुखात होतो, हे उघड सांगतो.

"एकांडा लावा वहिनी," गणपत म्हणाला. "पावण्याचा मान."

"नको, जोडी लावा," मी म्हणालो. "आपण बरोबरीत सुटलोय."

"तू लाव म्हणतोस तर एकांडाच."

"अरे, न्हाय म्हणतोय ना मी, जोडी."

भाग्यश्री आणि वर्षाराणीवहिनींनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनींनी उठून मामाच्या रेकॉर्डच्या पेटीच्या तळातून एक तिसरीच काढून लावली. स्वीडनची ती चौकडी. चकचकीत कपडे घालून नाचणाऱ्या दोन बायका आणि मागं दोन दाढीवाले. आम्ही दोघांनी आजवर कुठल्या बाबतीत एकमत केलं असेल तर ते याच बाबतीत, की हे रॉक नव्हे आणि यांना गीतकार म्हणणं हा गीतकारांचा अपमान आहे. ती रेकॉर्ड इतकी वर्षं पेटीच्या तळाशी होती ती त्यासाठीच.

"वहिनी, हे काय?" मी उठायला गेलो आणि कमरेतून कळ आली. गणपतनंही प्रयत्न केला आणि "आई गं" म्हणून परत विटेवर टेकला.

"पडून ऱ्हावा," वर्षाराणीवहिनी म्हणाल्या आणि बादली घेऊन धारेला बसल्या. दोघी मिळून गुणगुणायला लागल्या. त्यांना सगळे शब्द पाठ होते. कधी केले होते कोण जाणे.

लाखीनं त्या दिवशी बादली काठोकाठ भरली, आणि भाग्यश्रीला दुसरं भांडं आणायला जावं लागलं. गणपत छताकडे बघत पडला होता, आणि त्याच्या पांघरुणाखाली त्याचा पाय ठेक्यात हलत होता. मी त्याला टोकायला गेलो आणि लक्षात आलं, माझाही हलत होता.

हे तुम्ही कुणाला सांगू नका. विशेषतः ज्ञानूला. तो लगेच फ्लेक्स लावेल.