चिंचेनं घासलेली अक्षरं

खंडेनवमीच्या सकाळी बद्रीनाथ आपल्या छापखान्यात शिरला आणि दारातच थबकला. मुंबईहून नुकतेच आलेले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, परातीत पडले होते. त्याची बायको केशरबाई पदर खोचून एकेक खिळा चिंच अन् राख लावून नारळाच्या शेंडीनं घासत होती.

"अगं, हे काय करून बसलीस!"

केशरबाई बोलली नाही. नवरात्रात पूजा होईतोवर तिचं मौन असे. तिनं देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं, मग परातीकडे, आणि हात जोडले. पूजेला मांडायची हत्यारं मळकी कशी ठेवायची?

बद्रीनाथनं एक खिळा उजेडात धरला. या अक्षराची सगळी ऐट जाड रेघेशेजारच्या केसासारख्या बारीक रेघेत होती. घासून घासून ती रेघ चपटी, जाड झाली होती. नेकनूरचे मोहनराव देशमुख लेकीच्या, शिवकन्येच्या, लग्नपत्रिकेसाठी याच अक्षराचा नमुना बघून "वा!" म्हणाले होते. तयार पत्रिका बघायला ते आजच येणार होते. पूजा झाल्यावर दसऱ्यापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. हे गिऱ्हाईक औरंगाबादेच्या छापखान्याकडे वळलं, की इथं कुलूपच.

तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी त्यानं आहेत त्याच खिळ्यांनी पत्रिका छापली. अक्षरं जेवून उठलेल्या पाहुण्यांसारखी गुबगुबीत उमटली.

मोहनरावांनी पत्रिका हात लांब करून धरली.

"बद्रीनाथ, मागच्या नमुन्यावर काय लिव्हलं होतं बे?"

"हेच की, मालक."

"मला कायबी दिसलं न्हाई. चारचौघांत इज्जत नको जायला, म्हणून वा म्हनलो. हे बेस हाय! लई बेस!"

बद्रीनाथचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मोहनरावांच्या कपाळाला आठी पडली.

"बंकटचं नाव माझ्या वर कावून?"

"चुलत का होईना, थोरले भाऊ. मजकूर तुमच्याकडूनच आलता."

"भाऊकीनं लिव्हला. म्या नुस्ती मान हलवली. काढ ते नाव!"

"काढतो."

"काढू नको! काढलं तर बंकट मांडवात येनार न्हाई. ठिवलं तर म्या येनार न्हाई."

दोघेही घाम पुसत बसले. तेवढ्यात केशरबाईनं मुकाट्यानं एक पुडकं नवऱ्यापुढे सरकवलं. तेवढे खिळे घासायचे राहिले होते.

बद्रीनाथनं तिच्याकडे पाहिलं, आणि बंकटरावांचं नाव त्या नाजूक खिळ्यांत जुळवून पत्रिका पुन्हा छापली.

"आता कुठं गेलं नाव?" मोहनरावांनी विचारलं.

"वरच हाय, मालक."

मोहनरावांनी डोळे बारीक केले, मोठे केले. "न्हाई दिसत. झकास!"

पत्रिका वाटल्या गेल्या, आणि एका दुपारी बंकटराव स्वतःच छापखान्यात उभे राहिले. बद्रीनाथ यंत्राआड सरकला.

"बघ," बंकटराव पत्रिका फडकावत म्हणाले, "समद्यांत माझंच नाव उंची अक्षरात! मोहन्याचं कसं जाडंभरडं, जवारीच्या भाकरीवानी."

"वाचलंत तुमी?"

"वाचायचं काय त्यात? नाजूकपणा दिसतोय की! आमच्या पोराच्या लग्नाला समदी पत्रिका हेच अक्षर. मुंबईहून मागव. नाव, तिथी, गाव, कायबी जाडं नको."

मौन कधीच सुटलं होतं, तरी केशरबाई आतून हळूच बोलली,

"अहो, त्यांना म्हणावं, मग आवतन तोंडीच द्यावं लागंल."