मिरालियाचा मधला पक्ष

"बाबा, सगळ्यांना मस्त पार्टी मिळाली, मलाच सेंटर! सो बोरिंग लाह!" ऋताने दप्तर सोफ्यावर आदळलं.

तिच्या वर्गाने मिरालिया नावाचा देश कल्पिला होता. त्याला डोंगर होते, बंदर होतं, झेंडा होता आणि एकमेकांचे गळे धरणारे दोन पक्ष होते. तिसरा मधला. चिठ्ठ्या टाकल्यावर तो ऋताच्या गळ्यात पडला. शुक्रवारी वर्गात निवडणूक होती.

श्रीनिवासचा चेहरा मात्र खुलला. तो जन्मजात मधला. ऑफिसात दोन टीम भांडल्या की दोघांनाही "तुमचं बरोबर आहे" म्हणायचा. घरी बायको आणि आई फोनवर वाद घालू लागल्या की बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायचा. त्यांच्या सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमधली झाडं त्यामुळे कायम टवटवीत असत.

"अगं, मधला पक्षच खरा शहाण्यांचा!" म्हणत त्याने लॅपटॉप उघडला आणि पोस्टर बनवायला घेतलं. पक्षाला नेता हवा, म्हणून कोटातला स्वतःचाच फोटो टाकला. वर इंग्रजीत मोठी घोषणा : 'दोन्ही बाजूंच्या भांडणाला कंटाळलात? मधल्याला निवडा!' मिरालियाचं नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत.

स्पेलिंग तपासायला त्याने ते बायकोला, मीनलला, पाठवलं. निदान त्याला तसं वाटलं. ते गेलं मराठी मित्रमंडळाच्या ग्रुपवर.

मंडळात त्या आठवड्यात वार्षिक सहलीवरून रण पेटलं होतं. संजीवनीताईंच्या गटाला पुलाउ उबीन बेटावर जाऊन सायकली चालवायच्या होत्या. जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या मनोहरकाकांच्या गटाला एसी हॉल आणि बसून जेवण हवं होतं. सहलप्रमुख तर कंटाळून राजीनामाच देऊन बसला होता; त्याच्या जागी नवा निवडायचा होता.

"अरे श्रीनिवास," मीनल फोन नाचवत बाहेर आली, "तू निवडणुकीला उभा राहिलायस? मला नाही सांगितलंस ते!"

तेव्हा पाठवलेला मेसेज परत घ्यायची सोय नव्हती. 'गैरसमज झाला' एवढं टाइप करेपर्यंत चाळीस अंगठे आले आणि फोन वाजला.

"शाब्बास रे!" मनोहरकाका म्हणाले. "बेटावर उन्हात सायकली हाकायच्या म्हणजे वेडेपणाच ना?"

"तुमचंही बरोबर आहे, काका."

फोन ठेवतो न ठेवतो तोच संजीवनीताईंचा आला. "हॉलमध्ये बसून श्रीखंड खायला सहल कशाला हवी? तुम्हीच सांगा, श्रीनिवास!"

"तुमचंही बरोबर आहे, ताई."

दोघांनाही वाटलं, माणूस आपला आहे. श्रीनिवास बिनविरोध सहलप्रमुख झाला. शुक्रवारी ऋताचा पक्ष मात्र शेवटचा आला. "सेम पोस्टर, बाबा! तुम्ही जिंकलात आणि मी हरले. नॉट फेअर!"

आता ठरवायची वेळ आली. एका गटाला हो म्हणावं तर दुसरा जन्माचा दुरावणार. मनोहरकाकांनी सिंगापूरला आल्यावर त्याला पहिलं घर शोधून दिलं होतं. ऋताच्या आजारपणात संजीवनीताई रोज डबा आणत होत्या. दोन रात्री तळमळून त्याने तोडगा काढला. सहल चांगीच्या धक्क्यावर! जिथून उबीनच्या बोटी सुटतात तिथे. बेटही जवळ, छप्परही डोक्यावर.

रविवारी एका बाजूला हेल्मेट घातलेली मंडळी, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या घेतलेली. छपराखाली पंखा नव्हता, समोर समुद्र असून वाऱ्याचा पत्ता नव्हता. श्रीखंड पातळ होऊ लागलं.

"ही सहल आहे की बोट चुकलेल्यांची रांग?" मनोहरकाका कडाडले.

"पहिल्यांदाच काकांचं पटलं मला," संजीवनीताई म्हणाल्या. दोन्ही गट हळूहळू श्रीनिवासभोवती गोळा झाले. इतकी एकी मंडळात कधी झाली नव्हती.

इथे बाल्कनी नव्हती. "बाबा, जस्ट डिसाइड लाह!" ऋता कुजबुजली.

"उबीन," श्रीनिवास म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "काका, तुम्ही रागवाल. पण सगळ्यांनी उबीनलाच जायचं."

मनोहरकाकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्चीची घडी घातली आणि तरातरा बोटीत चढले.

बेटावर सायकली भाड्याने घेतल्या. काकांनी रागारागातच एक ओढली, टांग टाकली आणि नारळीच्या वळणावरून दिसेनासे झाले. तासाभराने परतले ते घंटी वाजवत, घामाने निथळत, लहान पोरासारखे हसत. "अरे, दापोलीला रोज घाट उतरून शाळेत जायचो मी! पुढच्या वर्षी पण इथेच. दोन दिवस राहू!"

संजीवनीताई मात्र अजून दुकानाजवळच होत्या. गुडघ्याला खरचटलेलं, हेल्मेट तिरकं. त्यांना सायकल येतच नव्हती. "एवढी लहान मुलं चालवतात, मला वाटलं त्यात काय असतं!" त्या फणकारल्या. "पुढच्या वर्षी एसी हॉल. आणि बसून जेवण!"

"हॉल? अजिबात नाही!" काका गरजले.

परतीच्या बोटीत दोन्ही बाजूंना बाकं होती. एका बाकावर काका आणि त्यांचा नवा गट, समोर ताई आणि त्यांचा. "श्रीनिवास, इकडे ये!" "श्रीनिवास, इकडे बसा!" त्याने दोघांनाही ठाम नकार दिला आणि थेट नावाड्याशेजारी जाऊन उभा राहिला. आज मन मोकळं झालं होतं. आता कोणाच्याही अध्यात नाही, मध्यात नाही.

तेवढ्यात बोट कलली. म्हाताऱ्या चिनी नावाड्याने मागे वळून दोन्ही बाकांकडे पाहिलं, मग श्रीनिवासकडे, आणि दोन बाकांच्या बरोबर मधल्या लाकडी पेटीकडे बोट दाखवून तो खेकसला,

"अंकल, कॅनॉट स्टँड! यू सिट मिडल लाह!"