आसेगावच्या गुलाबी कार्डाची आणि स्टोव्हच्या मोहिमेची हकीकत

श्री. थोरांच्या लढाया लिहिणारे उदंड जाहले. परंतु आसेगावी एका स्टोव्हपायी जे राजकारण घडले ते लिहावयास कोणी धजेना, सबब आम्ही लेखणी उचलिली. चूक निघाल्यास वाचणाराने पदरात घ्यावी. हसणाराने मात्र आधी चुलीचा धूर खाऊन यावे.

शके अठराशे नव्याण्णव. मौजे आसेगावचे शेतकरी राजश्री देवमनजी यांस मंगरूळपीरचे दुकानदार बबनराव यांनी उधारीचे गुलाबी कार्ड बहाल केले. त्यातील कलम ऐसे जे, नावे कितीही घातली तरी खाते एकच, मर्यादा एकच, आणि ज्याचे नाव सर्वांत वर तो सर्वांच्या खरेदीस जबाबदार. देवमनजींनी ते वाचिले नाही. कोण वाचतो? त्यांचे नाव वर, आणि खाली त्यांचे कुटुंब पंचफुलाबाईसाहेब यांचे. बाईंचे डोळे चुलीच्या धुराने बारमास लाल. सबब दिवाळीस याच कार्डावर वातीचा स्टोव्ह आणावा ऐसा करार जाहला.

ऐशात धोंड्याचा महिना आला आणि धनजहून जावई इंद्रभानजी वाणासाठी डेरेदाखल जाहले. लोक जावयास अनारसे देतात, तांब्याचे ताट देतात. देवमनजींस थोरवी चढली, मग त्यांनी जावयाचे नावच कार्डावर घातले. हाय रे अक्कल! मग काय, इंद्रभानजींनी दुकानावर स्वारीमागून स्वारी केली आणि काळा चष्मा, अत्तर, बॅटरी, दोन छत्र्या ऐसा मुलूख मारिला, आणि दिवाळीच्या तोंडी पंचफुलाबाई स्टोव्ह आणावयास गेल्या तों बबनरावांनी मर्यादा सरल्याचे फर्मान ऐकविले. बाई रित्या हाती एस.टी.त बसल्या आणि सारी वाट रडल्या.

घरी मसलत बसली. वाणात दिले ते परत मागावे तर जावई रुसतो, लेकीस बोल लागतो आणि अब्रू वेशीवर टांगली जाते. देवमनजी खाटेवर पडोन, “आता कसं करावं वं?” ऐसे पुसो लागले. बाईसाहेब गरजल्या, “परत मांगाचं कायले? उलटं आनखी द्याचं!”

मग दिवाळीस जावयास ओवाळोन, फेटा बांधोन, नारळ देऊन दुकानी नेले, आणि त्यांचे नाव कार्डावर सर्वांत वर, सासरा-सासू खाली, ऐसा थोर मान अर्पण केला. बबनरावांनी जबाबदारीचे कलम मोठ्याने वाचोन दाखविले. परंतु जावयाचे चित्त फेट्यात. सही ठोकिली, तीही लफ्फेदार. पुढे दुकानाचा माणूस धनजास भावकीदेखत वसुलीस उभा राहिला तेव्हा चष्म्याआडचे डोळे पांढरे जाहले, आणि कापूस विकोन आपल्याच चैनीची बाकी आपणच फेडावी लागली. खाते मोकळे होताच पंचफुलाबाईंनी त्याच कार्डावर स्टोव्ह उचलिला.

इंद्रभानजी तणतणत जाब विचारावयास आले, तों स्टोव्हवर बिनधुराचा चहा उकळत होता आणि सासूबाईंनी आधी त्यांच्याच हाती कप दिला. मानाचा चहा, नाकारवेना. एक घोट घेऊन म्हणाले, “मामी, साखर कमी पडून राह्यली.”

“लाजता काहून, जवाईबापू? घ्या ना. साखरबी तुमच्याच कार्डावरची हाय.”

जावई चहा तसाच प्याले. बाईंचे डोळे निवळले, जावयाचे उघडले. येणेप्रमाणे आसेगावची फत्ते नोंदिली असे.